जादा खोली

सर्वेवाल्या पोराने दारात चपला काढल्या, म्हणून चांगुणाने त्याला चहा केला. महिन्याभराने ती या चहावरून स्वतःलाच बोल लावणार होती.

सुयोग त्याचं नाव. गळ्यात श्रमनिवास मंडळाचा पट्टा, हातात टॅब. अंबरनाथ पश्चिमेला, जिथे अंबरनाथ संपून उल्हासनगर कुठे सुरू होतं ते पोस्टमनलाही धड सांगता येत नाही, तिथे वालधुनीच्या काठाला मंडळाच्या चार इमारती आहेत. ए, बी, सी आणि डी. कारखान्यांतल्या कामगारांसाठी कमी भाड्याची घरं म्हणून पस्तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या. कारखाने एकेक करून बंद पडले, कामगार म्हातारे झाले, बरेच गेले. भाडेपट्टे तेवढे राहिले. चांगुणाचा नवरा शिवराम सूतगिरणीत होता, त्याला ए इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. तो जाऊन नऊ वर्षं झाली आणि भाडेपट्टा चांगुणाच्या नावावर झाला.

"कुटुंबात माणसं किती?" सुयोगने विचारलं.

"एक."

"मुलं?"

"मुलगा बदलापूरला. त्याचा संसार त्याच्यापाशी."

बाहेरच्या खोलीत जीन्सच्या पँटींचा ढीग पडलेला होता. उल्हासनगर कॅम्प दोनच्या एका कारखान्यातून टेम्पो यायचा, शिवलेल्या पँटींचे लोंबते धागे कापून द्यायचं काम चांगुणा घरी करायची. त्या ढिगाला वळसा घालून सुयोगने आतल्या खोलीत डोकावलं. आत एक चटई, एक खिडकी आणि भिंतीला एक खुंटी. बाकी काही नाही.

"ही कशासाठी वापरता?"

"कशासाठीच नाही."

पोराने टॅबवर काहीतरी टिपलं, चहा संपवला, कप स्वतः मोरीत ठेवला आणि गेला.

महिन्याने नोटीस आली. एकट्या राहणाऱ्या भाडेकरूंकडच्या जादा खोल्या मंडळ मोठ्या कुटुंबांना देणार होतं. चांगुणाने साठ दिवसांत वांगणीच्या नव्या इमारतीत एका खोलीच्या घरात जावं. ए-एकवीस हे घर डी इमारतीतल्या तेजस्वी संतोष जाधव यांच्या कुटुंबाला मिळेल. हरकत असेल तर सुनावणीला हजर राहावं, नाहीतर पट्टा रद्द. अशा एकोणीस नोटिसा वसाहतीत आल्या होत्या. त्यातल्या सोळा विधवांना.

संध्याकाळी भाडेकरू समितीचा भगवान आला. पूर्वी युनियनमध्ये होता, कागद बघितला की त्याच्या अंगात यायचं.

"जयभीम, ताई. टेन्शन घेऊ नका. तुमची ती भाची आहे ना कर्जतची, तिचं नाव रेशनकार्डावर चढवू. कॉलेजसाठी इथे राहते, आतली खोली तिची. मी सगळ्यांना हेच सांगितलंय. कुणी भाचा दाखवतंय, कुणी सून."

"ती इथे राहत नाही."

"ते मला माहितीय ना."

"मग मी कशाला सांगू राहते म्हणून?"

भगवान हसला. "अहो, खोली वाचवायचीय का नाही?"

"खोली रिकामी आहे, भगवानभाऊ. रिकामीच आहे आणि माझी आहे. भाडं भरते मी तिचं. खोटं बोलून वाचवली तर मग ती भाचीची होते."

भगवानने कपाळाला हात लावला. जाताना जिन्यात दोघातिघांना सांगत गेला, म्हातारी हट्टी आहे, हातचं घर घालवणार.

चांगुणा काही त्याला समजावत बसली नाही. समजावण्यासारखं होतं, पण ते तिने कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन ती कॅम्प दोनला आली तेव्हा बराकीतली अर्धी खोली होती आणि त्यात नऊ माणसं. साडी बदलायची तर दीर-सासरे बाहेर जाईपर्यंत थांबायचं. मुकेश झाला तेव्हा पुरुषमाणसं गल्लीत उभी होती आणि ती तोंडात पदर कोंबून कळा देत होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पुढे ही दोन खोल्यांची जागा मिळाली. शिवरामने पहिल्या दिवशी तिला आतल्या खोलीचं दार उघडून दाखवलं, म्हणाला, ही आपली. महिनाभरात सासरे लकव्याने पडले आणि ती खोली त्यांची झाली. सहा वर्षं तिने तिथे त्यांचं सगळं काढलं. मग सासू. मग मुकेशचं लग्न, मुकेशची बायको, त्यांचं कपाट, त्यांचा पाळणा. पाच वर्षांपूर्वी मुकेशने बदलापूरच्या कुळगावात फ्लॅट घेतला आणि कपाट, पाळणा सगळं टेम्पोत चढलं. त्या दुपारी चांगुणाने खोली पाण्याने धुतली, चटई टाकली, आत गेली आणि कडी लावली. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात तिने पहिल्यांदा स्वतःसाठी कडी लावली होती. मग बसली. बस्स, बसली.

तेव्हापासून रोज दुपारी तासभर ती तिथे बसायची.

तेजस्वी तिसऱ्या दिवशी आली. बत्तीस-तेहतीसची बाई, नर्सिंग होममध्ये आयाचं काम करायची. नवरा संतोष रिक्षा चालवायचा. तीन मुलं, सासू आणि हे दोघं अशी सहा माणसं डी इमारतीत तळमजल्यावर एका खोलीत राहत होती. ती भांडायला आली नव्हती. उंबऱ्यातच बसली.

"मावशी, नाव माझं आलंय म्हणून मी मागितलं असं समजू नका. मी चार वर्षांपूर्वी अर्ज टाकला होता. त्यांनी तुमची खोली काढली."

"मला माहितीय."

"पण आता आलंय तर मी नको म्हणणार नाही, हेही सांगते तोंडावर. माझी मोठी दहावीला आहे. संडासाच्या पॅसेजमध्ये बल्बखाली बसते अभ्यासाला. सासूला दमा. आम्ही नवराबायको..." ती थांबली. "जाऊ दे. तुम्ही एकट्या आहात, मावशी. तुम्हाला वांगणीला काय कमी पडणार?"

चांगुणाच्या हातातली कातर चालायची थांबली. पोरीचं एक अक्षर खोटं नव्हतं. बराकीतल्या नऊ जणांत ती दहावी असल्यासारखीच बोलत होती.

"तुला खोली पाहिजे, हे बरोबर आहे," चांगुणा शेवटी म्हणाली. "पण मी देणार नाही."

तेजस्वी उठली. "मग सुनावणीत भेटू," म्हणाली आणि गेली. त्या दिवशी चांगुणा आतल्या खोलीत बसली खरी, पण तिचं मन लागलं नाही.

रविवारी मुकेश मोटारसायकल घेऊन आला. "आई, आधी जागा बघून तर ये. न बघता नाही कशाला म्हणतेस?" म्हणाला. बोलणं रास्त होतं, म्हणून ती मागे बसली. बदलापूर सोडलं, वांगणी आली, स्टेशनाची बाजू मागे पडली, दोन्हीकडे भाताची खाचरं आणि कुणाकुणाची फार्महाऊसं लागली. त्यांच्या पलीकडे माळावर एकटी सात मजल्यांची इमारत. लिफ्टवर 'लवकरच सुरू' असं लिहिलेलं. चौथ्या मजल्यावर चढेपर्यंत चांगुणाला तीनदा बसावं लागलं.

खोली स्वच्छ होती. नव्या रंगाचा वास होता. ओटा, पलंगाची जागा आणि मोरी, सगळं एका नजरेत मावत होतं. खिडकी होती, तिच्यासमोर दोन हातांवर बाजूच्या विंगची भिंत.

"टाइल्स बघ," मुकेश म्हणाला. "आपल्याकडे शहाबादी आहेत अजून."

शेजारच्या दारातून एक म्हातारा बाहेर आला. चांगुणाने ओळखलं, सी इमारतीतला कोंडाजी. बायको गेल्यावर मंडळाने विचारलं आणि त्याने राजीखुशीने सही केली होती. त्याने चांगुणाचा हात धरला आणि सोडेचना. चहा घेऊनच जा म्हणाला. मग वसाहतीतल्या एकेकाचं नाव घेऊन विचारत बसला, हा कसा आहे, ती कशी आहे, डीच्या कोपऱ्यावरचा नळ अजून गळतो का. चहा करायला आत गेला, परत आला आणि म्हणाला, दूध नाही, खाली उतरून आणावं लागेल, थांबाल ना? चांगुणा म्हणाली, बिनदुधाचा करा. तो चहा तिने सावकाश प्यायला.

उतरताना मुकेश म्हणाला, "मग माझ्याकडे ये. हॉलमध्ये सोफा-कम-बेड आहे."

"तुझ्याकडे पाहुणी म्हणून येईन की," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती गप्प होती. मुकेशला वाटलं, आई मोडली. पण चांगुणा मनात आकडे घोकत होती. कोंडाजीने सोडलेली खोली सी-तीन. ती कुणाला मिळाली? कुणालाच नाही. तिथे दीड वर्ष कुलूप होतं. हे तिला माहीत होतं, कारण धागे कापायला लागण्याआधी सत्तावीस वर्षं तिने मंडळाच्या कंत्राटावर या चारी इमारतींचे जिने आणि पॅसेज झाडले होते. कुठल्या दारासमोर रोज चपला असतात, कुठल्या दाराखालून फक्त धूळ येते, हे झाडणाऱ्या बाईला न विचारता कळतं.

दुसऱ्या दिवशी ती डी इमारतीत गेली. तेजस्वी ड्युटीवरून नुकतीच आली होती.

"वही-पेन घे आणि माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"कुलुपं मोजायला."

तेजस्वीला कळायला वेळ लागला नाही. "तुमची खोली वाचवायला मला फिरवताय होय?"

"हो," चांगुणा म्हणाली. "तुला नसेल यायचं तर नको येऊस. मला लिहिता बरं येत नाही, म्हणून आले."

तेजस्वी सासूला म्हणाली, "भात बघा," आणि वही घेऊन निघाली.

दोघी चारी इमारती फिरल्या. चांगुणा दारासमोर उभी राहून सांगायची, तेजस्वी लिहायची. बी-चौदा, बाई वारली, सात वर्षं बंद. सी-तीन, कोंडाजी वांगणीला गेले. सी-नऊ, ठेकेदाराचा माणूस कधीतरी येऊन उघडतो. डी-अठरा, कुलूप गंजलेलं. चौथी इमारत संपली तेव्हा अकरा आकडे झाले होते. त्यातल्या सात खोल्या दोन-दोन खणांच्या, चांगुणाच्या घराएवढ्या. तेजस्वी पायरीवर बसली आणि तिने वहीतले आकडे पुन्हा मोजले.

"चार वर्षं मी मंडळात खेटे घातले," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी सांगायचे, जागा शिल्लक नाही."

सुनावणी कुळगावला, मंडळाच्या कचेरीत होती. अधिकारी शलाका मॅडम, चाळिशीच्या आतली, बोलायला नीट. तिने चांगुणाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आजी, सर्वेत लिहिलंय की दुसरी खोली वापरात नाही. हे खरं आहे का?"

मागे बसलेला भगवान खोकला. चांगुणाने वळून बघितलं नाही.

"खरं नाही. मी वापरते."

"कशासाठी?"

"बसते."

"म्हणजे?"

"दार लावते आणि बसते."

खोलीत कुणीतरी हसलं. शलाका मॅडम हसली नाही, पण तिने पेन खाली ठेवलं. "आजी, मी तुमचा अपमान करत नाहीये. एकशे सत्तर कुटुंबं वेटिंगवर आहेत. एका खोलीत सहा-सात माणसं. त्यांना मी काय सांगू, की एका बाईला बसायला खोली लागते?"

"सांगा," चांगुणा म्हणाली. "तसंच सांगा. मी नऊ माणसांत राहिलेय, मॅडम, मला कुणी शिकवू नका ते काय असतं. सासू-सासऱ्यांचं त्याच खोलीत केलं. पोराचं केलं. तेव्हा मंडळाने कधी विचारलं नाही, बाई, तुला जागा पुरते का. आता ही एक खोली माझ्या वाट्याला आली, तर जादा झाली. तुमच्या घरात आतून लावायला दार आहे ना? मग माझं दार जादा कसं?"

चांगुणाने वहीचं पान टेबलावर ठेवलं.

"आणि रिकाम्या खोल्याच मोजायच्या असतील, तर या मोजा. अकरा आहेत. यांच्यात कुणी बसतसुद्धा नाही."

मॅडमने पान वाचलं. शेजारच्या कारकुनाला काहीतरी विचारलं. कारकून म्हणाला, त्या खोल्या दुरुस्तीसाठी राखीव आहेत. मग तेजस्वीला बोलावलं, लाभार्थी म्हणून. ती उभी राहिली, पदर खोचला.

"मी काही यांच्या बाजूने आलेली नाही," तिने सरळ सांगितलं. "मला खोली पाहिजे. बी-चौदा सात वर्षं बंद आहे, ती द्या. ती देणार नसाल तर यांची द्या, मी घेईन, लाजणार नाही. पण आधी तिथलं कुलूप का आहे ते सांगा."

मॅडम म्हणाली, पाहणी करून निर्णय कळवू.

निर्णय बारा दिवसांनी आला. सबळ कारण नसल्याने हरकत फेटाळण्यात येत आहे. तीस दिवसांत जागा रिकामी करावी. अकरा खोल्यांबद्दल एक शब्द नव्हता. पाहणीला तर कुणी फिरकलंच नव्हतं.

चांगुणाने कागद तेजस्वीकडून दोनदा वाचून घेतला. मग ओट्याकडे गेली, खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेतला आणि जिना उतरली. सकाळचे अकरा वाजले होते, बायका नळावर होत्या. एवढ्या उजेडात बत्ता घेऊन ही कुठे निघाली म्हणून चौघीजणी मागे आल्या, त्यांच्यामागे आणखी सहा. बी-चौदासमोर पोचेपर्यंत पॅसेज भरला होता. भगवान धावत आला. "ताई, हे बेकायदेशीर आहे. केस होईल."

"होऊ दे."

पहिला घाव निसटला. दुसरा कडीवर बसला. तिसऱ्याला चांगुणाचा खांदा भरून आला, तेव्हा तेजस्वीने हात पुढे केला.

"द्या इकडे."

"तू नको. तुझी नोकरी आहे, पोरं आहेत. माझं काय घेतील?"

चौथ्या घावाला कोयंडाच निखळला.

आत अंधार होता आणि सिमेंटचा वास. खिडकीपर्यंत गोण्या रचलेल्या, खालच्या थरातल्या दगड झालेल्या. गच्चीला लावायच्या डांबराचे डबे, टाइल्सची खोकी. प्रत्येक खोक्यावर शिक्का होता, श्रमनिवास मंडळ, गच्ची दुरुस्ती. ए इमारतीची गच्ची चार पावसाळे गळत होती, आणि दरवेळी मंडळ सांगायचं की दुरुस्ती कागदोपत्री पूर्ण झालीय. बायका पुढे-मागे होऊन ते शिक्के बघत होत्या. कुणी मोबाइल काढला. भगवानने, जो आत्तापर्यंत केस होईल म्हणत होता, एकदम खाली बसून प्रत्येक डब्यावरची तारीख मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

दुपारी पोलीस आले. हवालदाराने विचारलं, कुलूप कुणी तोडलं? वीस बायका होत्या, वीसही जणी काही बोलेनात. चांगुणा पुढे झाली. "मी. बत्ता माझ्या घरचा आहे, पाहिजे तर घेऊन जा." हवालदाराने गोण्यांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, जबाब लिहून घेतला आणि बत्ता तिथेच ठेवून गेला.

शलाका मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आली. बरोबर आधीचा कारकून नव्हता. ती खोलीत शिरली, दगड झालेल्या गोणीवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर पडताना चांगुणासमोर थांबली.

"आजी, तुम्ही माझ्यासाठी फार अवघड करून ठेवलंत."

"मला सोपं कुठे होतं?" चांगुणा म्हणाली.

आठवड्याभरात कागद आला. एकोणीस नोटिसा पुढील आदेशापर्यंत स्थगित. रद्द नव्हेत, स्थगित. हे भगवानने तीनदा समजावून सांगितलं. बी-चौदा तेजस्वीच्या कुटुंबाला तात्पुरती दिली. बाकीच्या दहा खोल्यांना चौकशी होईपर्यंत मंडळाने नवी कुलुपं आणि लाखेची सीलं लावली. आणि एक वेगळा लिफाफा चांगुणाच्या नावाने होता. मंडळाच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल आपला पट्टा रद्द का करू नये, याचा लेखी खुलासा घेऊन सोमवारी कुळगावच्या कचेरीत हजर राहावं.

तेजस्वीने सामान हलवलं त्या दिवशी चांगुणा झाडू घेऊन गेली. सिमेंटची धूळ फरशीत मुरली होती. दोघींनी मिळून चार पाण्यांनी धुतली. संतोषने आत लाकडी फळ्यांचा आडोसा उभा केला, दहावीच्या पोरीसाठी. खिडकीशी एक टेबल आलं.

"मी खुलाशात लिहू का, की मीपण तोडलं?" तेजस्वीने फरशी पुसता पुसता विचारलं.

"लिहायला बस, पण माझंच लिही. म्हण, कुलूप मी तोडलं, कारण आत माणसं राहू शकत होती. पस्तावा नाही. खाली मी सही करते."

"पस्तावा नाही, हे लिहायचं?"

"तेच आधी लिही."

तेजस्वीने ओले हात पदराला पुसले आणि वही ओढली. ती लिहीत असतानाच दारात सी इमारतीतली बनूबाई येऊन उभी राहिली. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि ती, सगळी एका खोलीत. मंडळात तिचाही अर्ज होता, सहा वर्षांचा. बोलावं की नाही अशी जरा वेळ घुटमळली.

"चांगुणाबाई, ते सी-तीनचं सील..." ती म्हणाली. "चौकशी म्हणतात, पण कुणी येत नाही. कधी बघायचं?"

"सोमवारी माझी तारीख आहे कुळगावला," चांगुणा म्हणाली. "मंगळवारी चालेल का?"